एंटर दाबायच्या आधी

सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षेची, तयारी कशी केली, असं विचारणारे बहुतेक जण पुस्तकाचं नाहीतर व्हिडिओंचं नाव मागतात. मी नाव सांगत नाही. चांगलं साहित्य भरपूर आहे, त्यातलं कुठलंही एक नेटाने शेवटपर्यंत नेलं तरी पुरतं. मी सांगते ती एक सवय. कमांड टाईप करायची, थांबायचं, स्क्रीनवर काय येणार ते वहीत लिहायचं आणि मगच एंटर दाबायचं. लिहिलेलं आणि आलेलं जुळलं नाही की त्या दिवसाचा अभ्यास तिथून सुरू.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ईडीपी, म्हणजे संगणक विभागात काम करते. गळीत हंगामात पुस्तक उघडायची सोय नसते. काट्यावरचा पीसी सर्व्हरपासून तुटला की वजनाची स्लिप निघत नाही, आणि बघता बघता यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते. त्यामुळे माझा अभ्यास झाला तो हंगाम संपल्यावर, संध्याकाळी, साध्या लॅपटॉपवर. राउटर (नेटवर्क एकमेकांना जोडणारं यंत्र), स्विच (एकाच नेटवर्कमधली यंत्रं जोडणारं) विकत घ्यायची गरज पडली नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि या परीक्षेपुरतं ते खरोखर भागतं.

सवय म्हणजे नेमकं काय, ते एका पिंगवरून सांगते. पिंग म्हणजे पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते पाहायची कमांड; उत्तर आलं की उद्गारवाचक चिन्ह दिसतं, नाही आलं की टिंब. पॅकेट ट्रेसरमध्ये एक राउटर, एक स्विच, एक पीसी जोडा. आयपी (नेटवर्कमधला पत्ता) द्या, पोर्ट चालू करा, राउटरवरून पीसीला पिंग करा. पाच पॅकेट जातात. काय दिसेल? वहीत सगळे लिहितात, पाच उद्गारवाचक चिन्हं. येतं ते एक टिंब आणि पुढे चार उद्गारवाचक चिन्हं, सक्सेस रेट ८० टक्के. बरेच जण "चालतंय की" म्हणून पुढे जातात. माझं म्हणणं, त्या टिंबापाशी अख्खी संध्याकाळ घालवा.

राउटरला पीसीचा आयपी माहीत आहे, पण फ्रेम (पॅकेट ज्यात घालून पाठवतात ते वेष्टन) पाठवायला मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, लागतो आणि तो अजून त्याच्याकडे नाही. म्हणून तो एआरपीची, म्हणजे "हा आयपी कुणाचा, मॅक सांगा" अशी विचारणा सगळ्यांना ऐकू जाईल अशी सोडतो. उत्तर येईपर्यंत पहिलं पॅकेट टाकून दिलं जातं, तेच ते टिंब. आता तेच पिंग पुन्हा द्या, पण आधी वहीत लिहा. या वेळी पाचही उद्गारवाचक चिन्हं का येणार, ते तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. मग मधे दुसरा राउटर घाला आणि पलीकडच्या पीसीला पिंग करा. प्रत्येक टप्प्यावर मॅक बदलतो, आयपी तोच राहतो, हे वाक्य सगळ्या पुस्तकांत आहे. सिम्युलेशन मोडमध्ये, म्हणजे पॅकेट एकेक पाऊल दाखवणाऱ्या सोयीत, पॅकेट उघडून दोन्ही बाजूंचे मॅक स्वतः लिहून काढले की ते आपलं होतं.

परीक्षेचा आराखडा सिस्कोच्या साईटवर उघड आहे. २००-३०१ हा तिचा क्रमांक, वेळ १२० मिनिटं. सर्वांत जास्त वजन आयपी कनेक्टिव्हिटीला, २५ टक्के. नेटवर्कची मूलतत्त्वं आणि नेटवर्क ॲक्सेस प्रत्येकी २० टक्के, सुरक्षा १५, आयपी सर्व्हिसेस १० आणि ऑटोमेशन १०. त्या शेवटच्या दहाची लोक उगाच धास्ती घेतात. जेसनचा (डेटा लिहायच्या एका पद्धतीचा) तुकडा वाचता आला, रेस्ट एपीआय (प्रोग्रामने यंत्राशी बोलायची सोय) कशासाठी असतं ते कळलं, कंट्रोलर (सगळी यंत्रं एका जागेवरून चालवणारा) असलेलं आणि नसलेलं नेटवर्क यांतला फरक सांगता आला की बरंचसं झालं. जीव लावायचा तो राउटिंग टेबलला, म्हणजे कुठल्या पत्त्याकडे कुठून जायचं त्या राउटरच्या यादीला.

राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या दोन रीती म्हणजे ओएसपीएफ आणि रिप, आणि हाताने लिहिलेली वाट ती स्टॅटिक. पत्त्यापुढचा /१६ किंवा /२४ हा मास्क, पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा. समजा टेबलमध्ये तीन नोंदी आहेत. १०.१०.०.०/१६ ही ओएसपीएफकडून आलेली, १०.१०.२०.०/२४ ही रिपकडून आलेली, आणि एक स्टॅटिक डिफॉल्ट रूट, म्हणजे दुसरी कुठलीच नोंद जुळली नाही तर घ्यायची वाट. पॅकेट निघालंय १०.१०.२०.७५ कडे. कुठून जाईल? ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे वाट कुणी सांगितली त्यावर किती विश्वास ठेवायचा तो आकडा, ओएसपीएफचं ११०, रिपचं १२०, स्टॅटिकचं १. हे आकडे पाठ असलेला माणूस इथेच घसरतो. कमी डिस्टन्स चांगलं, म्हणून कुणी डिफॉल्ट म्हणतो, कुणी ओएसपीएफ. पॅकेट जातं रिपच्या वाटेने, कारण /२४ ची नोंद सर्वांत नेमकी आहे. पत्ता शोधताना तालुका सांगणाऱ्यापेक्षा वस्ती सांगणाऱ्याचं आपण ऐकतो, तसंच हे. डिस्टन्सची तुलना होते ती एकच नेटवर्क, त्याच मास्कसह, दोन ठिकाणांहून कळलं असेल तर आणि ते टेबलमध्ये शिरण्याआधी. एवढा एक क्रम डोक्यात पक्का बसला की राउटिंगचे निम्मे प्रश्न सरळ वाटायला लागतात. "शो आयपी राउट"चं आउटपुट समोर ठेवून रोज चार-पाच पत्ते घ्यायचे, प्रत्येकाचा नेक्स्ट हॉप (वाटेतला पुढचा राउटर) वहीत लिहायचा, मग पिंग करून पाहायचं.

सबनेटिंगला, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडायच्या गणिताला, कॅल्क्युलेटर नको. परीक्षेत तो मिळत नाही, आणि हाताने केलं की वेगही येतो. १७२.१६.३७.२००/२० घ्या. मास्क २५५.२५५.२४०.०. तिसऱ्या घरात २५६ वजा २४०, म्हणजे १६ च्या उड्या: ०, १६, ३२, ४८. ३७ हा ३२ आणि ४८ च्या मधे. म्हणून नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता) १७२.१६.४७.२५५, होस्ट (यंत्रांना देता येणारे पत्ते) ४०९४. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या स्लिपांच्या पाठकोऱ्या बाजूवर असली गणितं करायचे. मनातल्या मनात उत्तर यायला लागेपर्यंत हे सोडू नका, कारण एसीएल (कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं ती यादी), ओएसपीएफचे वाइल्डकार्ड (उलटा मास्क), राउटिंग टेबल, सगळं याच्याच जोरावर चालतं.

स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचच्या जोडणीत फ्रेम गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून जादा वाटा बंद ठेवायची रीत, हा माझा आवडता भाग. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही रीत आजही जवळपास प्रत्येक मॅनेज्ड स्विचमध्ये चालते, आणि नेटवर्कच्या पायाभरणीतलं एवढं मोठं काम एका बाईने केलंय, ही गोष्ट अभ्यासाच्या दिवसांत मला फार बळ द्यायची. तीन स्विच त्रिकोणात जोडा आणि रूट, म्हणजे सगळ्यांचा मुख्य स्विच, कोण होणार ते लिहा. सर्वांत लहान प्रायॉरिटीचा स्विच रूट होतो, पण ती सुरुवातीला सगळ्यांची सारखीच, ३२७६८. व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) १ चा आकडा मिळवून स्क्रीनवर ३२७६९ दिसते. बरोबरी झाली की सर्वांत लहान मॅक जिंकतो. लहान मॅक बऱ्याचदा जुन्या स्विचचा असतो. म्हणजे कुणी काहीच ठरवलं नाही, तर नेटवर्कमधला सर्वांत म्हातारा, संथ स्विच सगळ्यांचा मुखिया होऊन बसू शकतो. हे कळल्यावर मी आमच्याकडे "शो स्पॅनिंग-ट्री" मारून पाहिलं. रूट निघाला स्टोअरमधला, धुळीने माखलेला जुना स्विच. साहेबांना दाखवलं, परवानगी घेतली आणि सर्व्हर रूममधल्या स्विचची प्रायॉरिटी ४०९६ केली. अभ्यासातली गोष्ट कामावर अशी लागू पडली की ती विसरणं शक्यच नाही.

एका बाबतीत मी ठाम आहे. डंप, म्हणजे फुटलेले प्रश्न, त्यांच्या वाटेला जाऊ नका. परीक्षेआधी आपण ज्या करारावर होय म्हणतो त्यात याला सक्त मनाई आहे, आणि उघडकीला आलं तर प्रमाणपत्र रद्द होतं. त्याहून मोठी गोष्ट अशी, की काट्यावर रांग लागलेली असताना पर्याय अ, ब, क, ड समोर येत नाहीत. येते ती काळी स्क्रीन, आणि पाठीशी उभे राहिलेले, रात्रभर गाडी हाकून आलेले लोक.

फी ३०० डॉलर आणि वर कर, आमच्या पगारात हा मोठा आकडा आहे. तेवढे एकदम टाकणं जड जात असेल आणि पाया तपासून पाहायचा असेल, तर सिस्कोचीच सीसीएसटी नेटवर्किंग ही त्याआधीची, स्वस्त आणि सोपी परीक्षा आहे. सीसीएनए तीन वर्षं टिकतं, त्यामुळे ते कधी द्यायचं हे नोकरी बदलायच्या बेताशी जुळवून ठरवा.

परीक्षा मी पुण्याच्या केंद्रात दिली. घरून कॅमेऱ्यासमोरही देता येते, पण आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून केंद्रच बरं. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, तेव्हा "हे नंतर बघू" हा विचार सोडूनच आत जा. लॅबचा प्रश्न आला तर आधी सगळी मागणी वाचा, मग कमांड. काम झालं की "शो" मारून खात्री करा, आणि सेव्ह करायला सांगितलं असेल तर "कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग" दिल्याशिवाय नेक्स्ट दाबू नका.