बेन्ताना

स्पॅनिश शिकायला लागून मला तीन महिने झाले. या आठवड्यात एकाच शब्दापाशी थांबले आहे: 'ला बेन्ताना', म्हणजे खिडकी. लिहिताना 'व्ही', पण उच्चार 'ब'च्या जवळचा. आपल्या खिडकीसारखाच हाही शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे लिंग पाठ करायची गरजच पडली नाही.

म्हापशाच्या आमच्या घरात आजी खिडकीला कायम 'जनेल' म्हणते. "जनेल धांप गो, पावस येता!" हा शब्द पोर्तुगीज 'जनेला'वरून आला. त्याचं मूळ लॅटिनमधल्या दाराच्या शब्दात आहे, म्हणजे जनेल हे खरं तर छोटं दार. बेन्ताना मात्र लॅटिन 'व्हेंतुस'वरून, म्हणजे वाऱ्यावरून आली. शेजारशेजारच्या दोन भाषा, पण एकीला खिडकीत दार दिसलं आणि दुसरीला वारा.

आमच्या माडीवर अजून शिंपल्यांची तावदानं असलेली जुनी जनेलं आहेत. बंद केली तरी दुधाळ उजेड आत येतो, वारा मात्र अडतो. ती उघडली की पडदा फुगतो, आणि बेन्ताना शब्द मला तिथेच कळतो.

वापर शिकताना 'बेन्तानिया' सापडला. बसची, गाडीची किंवा तिकिटाची खिडकी म्हणजे बेन्तानिया. आपणही तिकीट 'खिडकी'वरच काढतो ना! आणि कुणी लग्नात वारेमाप खर्च केला, तर स्पॅनिश माणूस म्हणतो, त्यानं घरच खिडकीतून फेकलं: 'तिरार ला कासा पोर ला बेन्ताना'. आजीला हे सांगितलं, तर म्हणाली, "आनी जनेल खंय उरलें?"