हिवरे बाजारचा ताळेबंद

ग्रामीण विकासाच्या अभ्यासात आपण दरडोई उत्पन्नाला जरा जास्तच मान देतो, असे आज अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये हिंडताना वाटत राहिले. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या अवर्षणप्रवण गावाने पाणलोटाची, म्हणजे पावसाचे पाणी अडवून जमिनीत जिरवण्याची, कामे केली, हे सर्वज्ञात आहे. मात्र बंधारे इतरही अनेक गावांत बांधले गेले आणि तरीही तेथील विहिरी उन्हाळ्यात आटतात. येथे शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी आहे, ऊस-केळीसारखी पिके टाळली जातात, आणि पावसाची मोजणी झाल्यावर ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद (उपलब्ध पाणी किती, गरज किती) मांडून पिके ठरवते. स्थलांतरित कुटुंबे परतली, याचे श्रेय मी या सामूहिक संयमाला अधिक देईन. (आपल्या सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्यांत त्यासाठी सहसा रकानाच नसतो.)