‘हे मला मान्य आहे’

रविवार, १९ ऑक्टोबर २००८. फेअरफॅक्स, व्हर्जिनिया

सकाळी सासूबाई टीव्हीसमोर मेथी निवडत बसल्या होत्या. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही, पण चार महिने इथे राहून कान तयार झालाय. मध्येच अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली, ओबामांविरुद्धची जाहिरात लागली. काळपट चित्रं, खर्जातला आवाज, ओबामांचा करडा केलेला चेहरा आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"हा बाबा दर वेळी शेवटी काय गं म्हणतो?"

"म्हणतो, मी जॉन मॅकेन, आणि हे मला मान्य आहे."

"म्हणजे दुसऱ्याबद्दल एवढं वाईटसाईट बोलून झालं की वर स्वतःच्या तोंडाने सांगतो, मान्य आहे म्हणून?"

"हो, आई."

"आमच्याकडे ग्रामपंचायतीला रात्रीतून दारात पत्रकं पडतात. काय काय लिहिलेलं असतं त्यात. पण खाली कुणाचं नाव नसतं. नाव घातलं तर सकाळी तोंड कुठे दाखवणार?" मग पुन्हा जुडी हातात घेत म्हणाल्या, "आणि तू तर सांगत होतीस, भला माणूस आहे."

सांगत होते खरी. दिवसभर तेच डोक्यात आहे, म्हणून आता सगळे झोपल्यावर लिहायला बसले.

या देशातलं माझं पहिलं मत मी याच माणसाला दिलं होतं. २९ फेब्रुवारी २०००, रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं मतदान. व्हर्जिनियात मतदार नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही, त्यामुळे कुणालाही जाता येतं. मी ऑफिसला जाण्याआधी शाळेच्या जिममधल्या केंद्रावर गेले होते आणि बाहेर पडताना छाती भरून आली होती. तेव्हा मॅकेन बसमधून फिरायचे. पत्रकार दिवसभर त्याच बसमध्ये, विचाराल त्याचं उत्तर मिळणार. निवडणुकीतल्या पैशाविरुद्ध ते स्वतःच्याच पक्षाशी भांडत होते. मतदानाच्या आदल्याच दिवशी व्हर्जिनिया बीचला, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांच्या अंगणात उभं राहून, त्यांना आणि तसेच दुसरे धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांना असहिष्णुतेचे दलाल म्हणाले होते. मतं जाणार हे माहीत असून बोलले. आणि गेलीच. व्हर्जिनियात ते हरले.

व्हिएतनाम युद्धातली हनोईची हकिगत तर सगळ्यांनाच माहीत आहे. १९६७ मध्ये विमान पडलं, साडेपाच वर्षं कैदेत. वडील नौदलात ॲडमिरल म्हणून लवकर सोडायला तयार होते, तर हे म्हणाले, माझ्या आधी पकडलेले आधी सुटतील. त्या मारहाणीमुळे अजून त्यांचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. स्वतःचे केस विंचरायलाही त्रास होतो म्हणतात.

पण मला त्यांच्याबद्दल माया वाटायला लागली ती दुसऱ्याच गोष्टीमुळे. व्हर्जिनियाच्या दहा दिवस आधी साउथ कॅरोलिनात मतदान होतं. न्यू हॅम्पशायरला मॅकेन यांनी बुश यांना मोठ्या फरकाने हरवलं होतं, त्यामुळे तिथे सगळं पणाला लागलं होतं. आणि तिथे कुजबुज सुरू झाली. फोन, पत्रकं. मॅकेनला एका काळ्या बाईपासून झालेली मुलगी आहे म्हणे. खरं म्हणजे ती त्यांची दत्तक मुलगी. ढाक्याच्या मदर तेरेसांच्या अनाथाश्रमातून त्यांच्या पत्नीने आणलेली. आमची लेक तेव्हा नऊ वर्षांची, त्याच वयाची आणि तशीच सावळी. पेपरात त्या कुटुंबाचा फोटो पाहिला तेव्हा माझ्या पोटात कालवलं. या देशात कुणीतरी अशा पोरीचा फोटो दाखवून मतं फिरवू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि जो माणूस या वाटेने भाजून निघालाय तो दुसऱ्याच्या बाबतीत असं कधी करणार नाही, हेही मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं.

या वर्षी फेब्रुवारीत तसंच वाटलं. सिनसिनाटीच्या सभेत त्यांच्या आधी बोलणाऱ्या एका रेडिओवाल्याने ‘बराक हुसेन ओबामा’ असं ‘हुसेन’वर जोर देऊन देऊन म्हटलं. मॅकेन यांनी त्याच दिवशी माफी मागितली. मी ह्यांना म्हटलं होतं, बघा, माझा माणूस बदललेला नाही.

मग उन्हाळा आला. जुलैच्या अखेरीस ओबामांना ब्रिटनी स्पीअर्स आणि पॅरिस हिल्टनच्या पंक्तीत बसवणारी जाहिरात आली. ती पोरकट वाटली, सोडून दिलं. सप्टेंबरात आली ती मात्र सोडता येण्यासारखी नव्हती. ओबामांना बालवाडीतल्या मुलांना लैंगिक शिक्षण द्यायचंय, असा आरोप. मूळ विधेयकात लहान मुलांसाठी होतं ते वयाला शोभेल असं शिक्षण, म्हणजे कुणी वाईट हेतूने अंगाला हात लावला तर काय करायचं, हे शिकवणं. मी लेकीची आई आहे. ते शिकवायलाच हवं. त्याची अशी घाण करणं मला सहन झालं नाही.

१५ सप्टेंबरला लेमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली. आमच्या गल्लीत दोन घरांवर बँकेच्या पाट्या लागल्यात. निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशाचं स्टेटमेंट आलंय ते ह्यांनी अजून उघडलेलं नाही. त्या दिवशी मॅकेन म्हणाले, अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. चूक होते माणसाची, मी तीही पोटात घातली. पण पुढे तरी घरं, नोकऱ्या, कर्जं यावर बोलायचं! ४ ऑक्टोबरला त्यांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन म्हणाल्या, ओबामा अतिरेक्यांशी सलगी करतात. एक बिल एयर्स धरून ठेवलेत. त्या माणसाच्या संघटनेने बॉम्ब लावले तेव्हा ओबामा शाळकरी पोर होते. आता त्याच एयर्सवरून घरोघरी रेकॉर्ड केलेले फोन जाताहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मोजलं, तर महिन्याच्या सुरुवातीच्या त्या आठवड्यात मॅकेन यांच्या जवळजवळ १०० टक्के जाहिराती विरोधकावर टीका करणाऱ्या निघाल्या. ओबामांच्या ३४ टक्के.

हे म्हणतात, निवडणुकीत असं चालायचंच. ओबामांच्या लोकांनी गेल्या वर्षी पक्षातल्याच प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांना, भारतीयांशी जवळीक म्हणून, ‘पंजाबच्या डेमोक्रॅट’ असं हिणवलं तेव्हा आपणच चिडलो होतो ना? चिडलो होतो. तो टोमणा हिलरींना कमी आणि आपल्याला जास्त होता. ओबामांनी मूर्खपणाची चूक झाली म्हणून जबाबदारी घेतली, तरी मी तो विसरलेले नाही. बुश यांनी भारताशी केलेल्या अणुकराराबद्दल ह्यांना रिपब्लिकनांचं ऋण वाटतं, तेही मी समजू शकते. पण माझं दुखणं पक्षाचं नाहीच. माझा माणूस असा झाला, हे दुखणं आहे.

आणि ते वाक्य. सासूबाईंना मी सगळं सांगितलं नाही. उमेदवाराने आपल्या जाहिरातीत स्वतःच्या आवाजात मान्यता द्यायची, हा नियम आला २००२ च्या कायद्याने, आणि तो कायदा मॅकेन यांच्याच नावाने ओळखला जातो. मॅकेन-फाइनगोल्ड. अंधारातून चिखल फेकणाऱ्याला उजेडात आणावं म्हणून तो नियम. लाज वाटली तर हात आखडेल, असा हिशेब होता. साउथ कॅरोलिनात त्यांच्या लेकीबद्दल बोलणाऱ्यांना नाव सांगावं लागलं नव्हतं. आता नाव सांगावं लागतं आणि ते स्वतः सांगताहेत, दिवसातून वीस वेळा, माझ्या बैठकीच्या खोलीत.

१० तारखेला मिनेसोटात लेकव्हिलच्या सभेत एक बाई उठून म्हणाली, ओबामा अरब आहे, माझा त्याच्यावर विश्वास नाही. मॅकेन यांनी तिच्या हातातून माइक घेतला. नाही बाई, म्हणाले, तो सभ्य, कुटुंबवत्सल माणूस आहे, माझे त्याच्याशी मूलभूत मतभेद आहेत इतकंच. त्यांच्याच लोकांनी त्यांची हुर्यो केली. मी ते चार-पाच वेळा पाहिलं. बाईकडे पाहताना त्यांचा चेहरा कावराबावरा झाला होता, घरात विस्तव आपणच आणलाय हे कळल्यासारखा. मला वाटलं, आता थांबेल. दुसऱ्या दिवशी जाहिराती तशाच.

काल त्यांच्या एक सल्लागार टीव्हीवर म्हणाल्या, उत्तर व्हर्जिनिया सोडा, ‘खरा व्हर्जिनिया’ आमच्यासोबत आहे. आम्ही इथे एकवीस वर्षं आहोत. मॅकेन यांचं प्रचार कार्यालय याच उत्तर व्हर्जिनियात, आर्लिंग्टनमध्ये आहे. काल संध्याकाळी मंडळाच्या कोजागिरीला सगळे यावरच बोलत होते, दुधावर साय धरली तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि आज सकाळी कॉलिन पॉवेल. रिपब्लिकन, बुश यांचे परराष्ट्रमंत्री, मॅकेन यांचे जुने स्नेही. ओबामांना पाठिंबा देताना ते म्हणाले, ओबामा मुसलमान नाहीत, ख्रिस्ती आहेत. पण असते तर? या देशात मुसलमान असणं यात काही चूक आहे का? मग त्यांनी एका फोटोबद्दल सांगितलं. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत एक आई मुलाच्या थडग्याच्या दगडावर डोकं टेकून बसलीय आणि दगडावर चंद्रकोर आणि तारा आहे. वीस वर्षांचा पोरगा, इराकमध्ये गेला. लेकव्हिलच्या त्या बाईला द्यायचं उत्तर हे होतं. ते मॅकेन यांच्या तोंडून ऐकायला मी आठ वर्षं वाट पाहिली असती.

मी रडले. सासूबाईंनी मेथीचं ताट बाजूला सारलं आणि पाण्याचा पेला आणून दिला, काही विचारलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर २००८, रात्री उशिरा

सकाळी सहाच्या आधीच रांगेत उभी राहिले. त्याच शाळेची तीच जिम. मत ओबामांना दिलं. बोट थोडं अडलं, पण दिलं. १९६४ नंतर पहिल्यांदा व्हर्जिनिया डेमोक्रॅटांकडे गेला.

अकरानंतर मॅकेन फीनिक्समध्ये बोलायला उभे राहिले. ओबामांचं नाव घेताच समोरचे लोक ओरडायला लागले. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, खांद्यापर्यंतच, आणि म्हणाले, कृपा करा. एका काळ्या अमेरिकन माणसासाठी आजच्या दिवसाचं मोल काय आहे, ते बोलले. ओबामांची आजी हा दिवस पाहायला उरली नाही, याचं दुःख व्यक्त केलं. हार माझी आहे, तुमची नाही, असं आपल्या लोकांना सांगितलं. २००० सालच्या बसमधला तो आवाज होता. एकेक शब्द ओळखीचा.

सासूबाई शाल पांघरून माझ्याशेजारी बसून होत्या. बराच वेळ ऐकल्यावर म्हणाल्या, "हा तोच का गं, मान्य आहे म्हणणारा?"

"तोच, आई."

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं त्याला?"