आबांची फिल्म

आबांना लकवा मारला त्याला आता दीड वर्ष होईल. कपाशीला पाणी भरून आले, ओट्यावर बसले आणि चहाची बशी उजव्या हातातून सुटली, तोंड वाकडं. आम्ही अमळनेरकडचे. आधी झाडपाल्याची चर्चा, मग गाडीची शोधाशोध, धुळ्याला पोचेस्तोवर रात्र, आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात हे तिथे गेल्यावर कळलं. असो.

मेंदू म्हणजे जेमतेम १३००-१४०० ग्रॅम, भरताची दोन मोठी वांगी समजा. वजन शरीराच्या २ टक्के पण खाणं २० टक्के! म्हणून रक्ताची एक चारी तुंबली की तिच्यावरचं वावर सुकायला लागतं, आणि इथे चार दिवस नाही, मिनिटांचा खेळ.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म लाईटवर लावली, डाग उजवीकडे. मी लगेच हुशारी मारली, उजवा डाग म्हणून उजवा हात ना? डॉक्टर हसले. म्हणे पेशंट उताणा झोपलाय आणि आपण पायाकडून बघतोय असं समजून फिल्म वाचायची, म्हणजे त्यांचं डावं आपल्या उजवीकडे. डाग डाव्या मेंदूतच होता, आणि हातापायाच्या बहुतेक तारा मेंदू संपून मणक्यातला दोर सुरू होतो तिथे बाजू बदलतात म्हणून उजवा हात गेला. मला हे दोनदा उलटं-सुलटं करून कागदावर काढावं लागलं.

बोलणंपण गेलं. काहीही विचारा, "हो बा". जेवले का, हो बा, दुखतंय का, हो बा. पण आजी ठामच, "त्यासले बठ्ठं समजस", म्हणजे त्यांना सगळं समजतं. आणि ती बरोबर होती. १८६१ साली पॅरिसात पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे असाच एक पेशंट होता, समजायचं पण तोंडातून फक्त "टॅन" निघायचं. तो गेल्यावर मेंदू बघितला तर डाव्या बाजूला पुढे बिघाड. शब्द जुळवून बोलायचं काम बहुतेकांचं तिथे, समजायचं जास्त करून मागे, कानाच्या वरच्या अंगाला. आबांचं मागचं वाचलं होतं.

खरी गंमत एकादशीला. देवळात भजन सुरू झालं आणि "हो बा"वाले आबा अख्खं कडवं म्हणाले, शब्दांसकट! डॉक्टर म्हणे असं होतं, पाठ असलेलं गाणं बऱ्याचदा वाचतं, उजव्या मेंदूचाही त्याला हात लागतो असं मानतात. तेव्हापासून आजी रोज संध्याकाळी पहिली ओळ लावते आणि गप्प बसते, पुढचं आबा म्हणतात. संपलं की ती विचारते चहा ठेवू का.

हो बा.