काळीज कुठे असतं?

रविवारी मटणाच्या दुकानात मामांना सांगितलं, "नेहमीचं अर्धा किलो, थोडी कलेजी आणि दोन दिल द्या. त्यातलं एक वरची नळी न कापता द्या." मामांची सुरी थांबली. "नळी कशाला वैनी? ती टाकूनच देतो की आम्ही." मुलांना शिकवायचं आहे म्हटल्यावर त्यांनी थोरल्याला फळीजवळ बोलावलं आणि सुरीच्या टोकाने दाखवत गेले: हे दिल, हे फेफडं, हा गुर्दा. धाकटी माझा हात ओढत होती. "आई, कलेजी म्हणजेच काळीज ना? मग धडधडतं ते कुठलं?"

तिला तिथे उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही. आपण म्हणतो काळीज धडधडलं, काळजाला भिडलं, आणि दुकानात कलेजी मागितली की मिळतं यकृत. यकृत धडधडत नाही. ते उजव्या बाजूला, बरगड्यांखाली गप्प बसून काम करतं. मराठीने एकाच शब्दात दोन अवयव कोंबलेत, आणि सात वर्षांच्या मुलीला ते खटकलं. मला इतक्या वर्षांत कधी खटकलं नव्हतं.

आम्ही बेळगावात अनगोळला राहतो. हे उद्यमबागेत हायड्रॉलिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरला पाच वर्षांचा होता. घरी शिकवायला सुरुवात झाली ती तशीच चालू राहिली. त्यामागची सगळी कारणं आज सांगत बसत नाही.

शरीर शिकवायचं ठरवलं तेव्हा मी आधी खडेबाजारातून तक्ता आणून भिंतीला लावला. आठ दिवसांत थोरला घडाघडा बोलू लागला: हाडं २०६, त्यात सगळ्यात लांब मांडीचं, सगळ्यात लहान कानातलं. मला आनंद झाला. मग एका रात्री त्याचं पोट दुखायला लागलं. कुठे दुखतंय विचारलं तर बेंबीच्या खाली बोट ठेवून म्हणाला, "जठरात." जठर असतं बरंच वर, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला. त्याच आठवड्यात धाकटीने विचारलं, "रक्त लागल्यावरच येतं ना? एरवी नसतं ना आत?" तक्त्यातल्या माणसाचं शरीर दोघांना पाठ झालं होतं, स्वतःचं राहिलंच होतं. तक्ता मी गुंडाळून कपाटावर टाकला.

तेव्हापासून आमच्या घरी एकच रीत आहे. कुठलाही अवयव आधी आपल्या अंगावर हाताने शोधायचा, मग कुठेतरी खरा बघायचा, आणि नाव सगळ्यात शेवटी.

म्हणून दिल कापायच्या आधी दोघांना आपापली मूठ छातीवर ठेवायला लावली, मधोमध, टोक जरा डावीकडे. ज्याची त्याची मूठ साधारण ज्याच्या त्याच्या हृदयाएवढी. वहीची पानं गुंडाळून नळी केली आणि एकमेकांच्या छातीला लावली. १८१६ साली लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने अशीच कागदाची सुरळी करून एका बाईचं हृदय ऐकलं होतं आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप आला, हे ऐकल्यावर धाकटी ती नळी दिवसभर सोडेना. सासूबाई, शेजारची मांजर, फ्रिज, सगळ्यांना लावून झाली. थोरल्याने नाडी मोजून वहीत लिहिली: बसून ८८, गच्चीचा जिना चारदा चढून-उतरून १३२, आज्जी ७२.

मग तरुण भारतचा जुना अंक अंथरला, त्यावर स्टीलचं ताट ठेवलं. पहिलं दिल उभं चिरलं. डावी भिंत जवळजवळ माझ्या करंगळीएवढी जाड, उजवी तिच्या निम्मीही नाही. दोघांनी चिमटीत धरून बघितली. असं का, ते मी सांगितलं नाही. उजवीकडचं रक्त कुठे जातं आणि डावीकडचं कुठे, एवढंच सांगून थांबले. थोरला बराच वेळ बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, "उजव्याला शेजारी फुप्फुसात जायचंय. डाव्याला गावभर हिंडायचंय." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. आत झडपांना बांधलेले पांढरे दोरे होते, शिवणाच्या दोऱ्याइतके बारीक. धाकटीने त्यातला एक नखाने ओढला. तुटला नाही. पुन्हा ओढला, तरी तुटला नाही. "आई, हे कोणी शिवलं?"

दुसऱ्या, अख्ख्या दिलाची नळी धुऊन आतल्या गुठळ्या काढल्या आणि वरून चमच्याने पाणी ओतलं. पाणी आत न जाता नळीतच उभं राहिलं. आत तीन चिमुकले खिसे असतात. वरून पाणी आलं की ते फुगून एकमेकांना चिकटतात. तेवढ्यात हे चहाचा कप घेऊन आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हा तर आमचा एनआरव्ही की!" नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. सोमवारी येताना त्यांनी कारखान्यातला एक बाद झालेला आणला. एका बाजूने पेन्सिल टोचली की आतला गोळा स्प्रिंगवर मागे सरकतो, दुसऱ्या बाजूने टोचून काहीच होत नाही. मुलांनी तो आणि दिलातली झडप यांची चित्रं शेजारी शेजारी काढली. माझ्या मते वर्षभरातला तो सगळ्यात चांगला तास होता, आणि तो यांनी घेतला.

त्याच संध्याकाळी यांच्या दंडाला रुमाल बांधून हाताच्या शिरा फुगवल्या. एका शिरेवर मनगटाकडे एक बोट दाबून धरायचं, दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे पुसत न्यायचं. मधला तुकडा रिकामा राहतो, वरचं रक्त खाली उतरत नाही. दाबलेलं बोट उचललं की झर्रकन भरतो. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ च्या आपल्या ग्रंथात रक्त फिरतं हे दाखवताना हाच प्रयोग दिला आहे. एरवी रक्त आत नसतं म्हणणारी धाकटी ते बोट उचलून पुन्हा पुन्हा बघत होती.

शेजारच्या दोन मुली दुपारच्या येतात. घर लिंगायतांचं, त्यामुळे दिलाच्या दिवशी त्यांना बोलावलं नाही. त्या आल्या आतड्यांच्या दिवशी. मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण ६ मीटर, मोठं दीड. सासूबाईंनी ट्रंकेतलं जुनं शहापुरी नऊवारी काढून दिलं. ते सव्वाआठ मीटर भरलं, म्हणजे पोटातली सगळी आतडी या लुगड्यापेक्षा थोडीच कमी. गच्चीवर खडूने थोरल्याच्या अंगाची रेघ आखली होती. तिच्या पोटात ते लुगडं बसवताना चौघांची तारांबळ उडाली, शेवटी वेटोळी करत करत बसलं. मुली कन्नडमध्ये पोटाला होट्टे म्हणतात, आतड्याला करुळु, हाडाला एलुबु. आम्ही रेघेच्या आत दोन्ही भाषांत नावं लिहिली.

कोपर आणि गुडघ्यापाशी आल्यावर मोठी मुलगी म्हणाली, "मोणकै, मोणकालु." कै म्हणजे हात, कालु म्हणजे पाय. थोरला उडालाच. "म्हणजे कोपर हा हाताचा गुडघा!" आपल्या कोपर आणि गुडघा या शब्दांवरून ते कधीच कळलं नसतं. मग चौघं पाय लांब करून बसली आणि गुडघ्याची वाटी हलवून बघू लागली. पाय सैल सोडला की ती इकडेतिकडे सरकते. कोपराचं टोक मात्र हलत नाही, कारण तिथे वेगळी वाटी नाही, ते हाताच्या हाडाचंच टोक आहे. हे त्यांनी स्वतः शोधलं. मी फक्त हो म्हटलं.

रेघेवर लघवीच्या जागेपाशी आल्यावर मी शिश्न आणि योनी हे शब्द सरळ सांगितले. सासूबाई आत निघून गेल्या. रात्री त्यांच्याजवळ बसून म्हटलं, उद्या पोरांना काही दुखलं किंवा कुणी नको तिथे हात लावला, तर सांगायला त्यांच्याकडे शब्द नको का? त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांनी अडवलंही नाही.

परवा थोरल्याने विचारलं, माणसाच्या आतलं हे सगळं पहिल्यांदा कुणाला कळलं. मी सुश्रुताचं सांगितलं: प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं, मग कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर बघायचा. "आपल्या मार्कंडेय नदीसारख्या पाण्यात?" तशाच. मग आपल्या बेळगावचंच सांगितलं. इथल्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवणाऱ्या एका डॉक्टरांनी २०१० साली स्वतःच्या वडिलांच्या देहाचं विच्छेदन केलं. वडील बैलहोंगलचे, तेही वैद्य. देहदान करून गेले होते, आणि हे काम मुलानेच करावं ही त्यांचीच इच्छा होती.

थोरला गप्प झाला. आपला हात उलटा-सुलटा करून बघत राहिला. मग म्हणाला, "हात हातात घेतल्यावर त्यांना ओळखीचा लागला असेल ना?"

मला उत्तर सुचलं नाही. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्या पोराचं काळीज केवढं असेल गे."

धाकटी म्हणाली, "त्याच्या मुठीएवढं, आज्जी."