एका ओळीचे मत

जन्मठेपेच्या बंद्याची मुदतपूर्व सुटका नाकारली गेली की घरचे लोक ‘अपील करायचे आहे’ म्हणून येतात. वस्तुतः या नकाराविरुद्ध अपील नसते; राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करावी लागते. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा समितीमार्फत माझ्याकडे आलेल्या प्रकरणातील बंदी 68 वर्षांचे होते, माफीचे (शिक्षेत मिळालेल्या सुटीचे) दिवस न धरता प्रत्यक्ष 17 वर्षे त्यांनी कारागृहात काढली होती आणि डायलिसिससाठी त्यांना पोलीस बंदोबस्तात रुग्णालयात न्यावे लागे. तुरुंगात दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात, हा चुकीचा समज त्यांच्या मुलीच्याही मनात होता. खुनासारख्या गुन्ह्यात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 433-अ नुसार (2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 475) किमान 14 वर्षे प्रत्यक्ष भोगावी लागतात, आणि त्यानंतरही सुटकेचा नव्हे, तर सुटकेचा विचार होण्याचाच हक्क मिळतो, हे तिला सांगणे मला जड गेले.

नकाराच्या आदेशात कारण म्हणून केवळ ‘न्यायालयाचे मत प्रतिकूल’ एवढेच होते. सुटकेच्या प्रस्तावावर शासन शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत मागवते, ते हे मत. ते मला सुनावणीच्या आदल्या रात्री, शासनाच्या उत्तराला जोडलेल्या कागदांत सापडले: गुन्हा गंभीर असल्याने सुटकेची शिफारस करता येत नाही. एवढी एकच ओळ. कारागृहाचा अहवाल अनुकूल होता, संचित रजेवरून (बंद्याला ठरावीक दिवस घरी जाण्यासाठी मिळणाऱ्या रजेवरून) ते दर वेळी मुदतीत परतले होते, पण त्याचा उल्लेखही त्यात नव्हता. गुन्ह्याचे गांभीर्य शिक्षा देतानाच मोजले गेले होते. इतक्या वर्षांनंतर प्रश्न आजच्या या माणसाचा होता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये लक्ष्मण नस्कर प्रकरणात विचारात घ्यायचे मुद्दे सांगितले आहेत: गुन्ह्याचा समाजावर व्यापक परिणाम झाला का, तो पुन्हा घडण्याची शक्यता किती, बंद्यात गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, त्याला आणखी डांबून काही साधणार आहे का आणि कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती काय. राम चंदर प्रकरणात 2022 मध्ये त्याच न्यायालयाने या मुद्द्यांवर सकारण मत देणे आवश्यक ठरवले. दुसऱ्या दिवशी मी खंडपीठापुढे ती ओळ वाचली आणि यातल्या कोणत्या मुद्द्याचा विचार झाला, एवढेच विचारले. सरकारी वकिलांनीही प्रामाणिकपणे मान्य केले की, त्या मतात कारणे नाहीत.

नकाराचा आदेश रद्द झाला. नव्याने सकारण मत घेऊन शासनाने सहा आठवड्यांत निर्णय द्यावा, असे न्यायालयाने सांगितले. बाहेर आल्यावर मुलीने विचारले, “म्हणजे बाबा आज घरी येणार नाहीत का, वकीलसाहेब?” मी ‘नाही’ म्हणालो. ती बराच वेळ बाकावर बसून होती.

आधीच्या प्रस्तावासोबत रुग्णालयाचा एकही कागद गेलेला नव्हता. त्याच संध्याकाळी मी तिच्याकडून डायलिसिसच्या सगळ्या नोंदी मागवल्या, तारखेनुसार लावल्या आणि त्या नव्या प्रस्तावासोबत पाठवाव्यात, असा अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे लिहून तिच्या हाती दिला.