मिनेसोटाच्या सेंटेन्सिंग कमिशनसाठी, म्हणजे गुन्ह्यांच्या शिक्षेच्या गाइडलाइन्स ठरवणाऱ्या मंडळासाठी, अर्ज केला, त्याचा माझा अनुभव

मी इथे अमेरिकेत मिनेसोटात एका संस्थेसाठी व्हॉलंटियर म्हणून काम करते, घरात मारहाण होणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना कोर्टात सोबत करायची, फॉर्म भरून द्यायचे, हिंदी-मराठीत समजावून सांगायचं. एका केसमध्ये नवऱ्याने बायकोचा गळा दाबला होता, फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा म्हणून सिद्धही झाला, आणि तरी माणूस प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर देखरेखीखाली, घरी. बाहेर कॉरिडॉरमध्ये ती मला म्हणाली, "ताई, जजला पैसे चारले का हो यांनी?" तसं काही नव्हतं हे मला माहीत होतं, पण मग असं का झालं ते काही मला धड सांगता येईना.

घरी येऊन राज्याच्या शिक्षेच्या गाइडलाइन्सचा तक्ता प्रिंट केला आणि डायनिंग टेबलवर घेऊन बसले. उभ्या बाजूला गुन्हा किती गंभीर ते १ ते ११, आडव्या बाजूला आधीच्या गुन्ह्यांचा स्कोअर ० ते ६, दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत तुरुंगवासाचे महिने. गळा दाबण्याचा गुन्हा पातळी ४ वर, पहिलाच गुन्हा असेल तर १२ महिने १ दिवस, आणि ती चौकट राखाडी, म्हणजे शिक्षा स्थगित ठेवून प्रोबेशन. फार तर जज प्रोबेशनची अट म्हणून काही काळ काउंटीच्या जेलमध्ये ठेवू शकतो. हत्यार दाखवून लुटणं पातळी ८ वर, पहिल्याच वेळी ४८ महिने, स्कोअर ६ असेल तर १०८, त्यातले दोन तृतीयांश आत आणि उरलेले देखरेखीखाली बाहेर. जज कारणं नोंदवून आकडा बदलू शकतो, २०२१ मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनात दोषी ठरलेला पोलीस डेरेक शोव्हिन याच्या बाबतीत तक्त्यात १५० महिने होते आणि जजने २७० दिले, पण रोजच्या साध्या केसेसमध्ये सुरुवात ह्या चौकटीपासूनच होते.

मग हा गुन्हा ४ वर ठेवला कुणी? तर कमिशनने. विधिमंडळ जास्तीत जास्त शिक्षा ठरवतं, पण तक्त्यात कुठला गुन्हा कुठल्या पातळीवर बसवायचा ते कमिशनचे सदस्य ठरवतात. हे कमिशन १९७८ मध्ये नेमलं गेलं आणि गाइडलाइन्स १ मे १९८० पासून लागू झाल्या, सगळ्या देशात असं करणारं हे पहिलं राज्य. आपल्याकडे भारतात फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या मळिमठ समितीने २००३ मध्येच अशा गाइडलाइन्ससाठी वेगळी वैधानिक समिती नेमा असं सांगितलं होतं, ते अजून झालेलं नाही.

तर कमिशनच्या टेबलाभोवती कोण बसतं? मुख्य न्यायाधीश किंवा त्यांचा प्रतिनिधी, अपील कोर्टाचा एक जज, जिल्हा कोर्टाचा एक, तुरुंग खात्याचे कमिशनर, एक पब्लिक डिफेंडर (आरोपीसाठीचा सरकारी खर्चाचा वकील), एक काउंटी अ‍ॅटर्नी (सरकारी वकील), एक पोलीस, एक प्रोबेशन अधिकारी आणि तीन सामान्य नागरिक, त्यातली एक जागा फेलनीच्या पीडिताची किंवा पीडितांसाठी काम करणाऱ्याची. २०२३ मध्ये ११ चे १३ सदस्य केले, एक पुनर्वसनाचं काम करणारा आणि एक अभ्यासक वाढला, आणि नागरिकांच्या जागांपैकी एक शिक्षा पूर्ण भोगून आलेल्या माणसासाठी ठेवली. माझ्या ओळखीच्या काही बायकांना हे शेवटचं अजिबात पटलं नाही, मला मात्र पटलं, कारण प्रोबेशनमध्ये माणूस खरंच कसा सुधारतो किंवा कसा पळवाटा काढतो हे त्याच्याइतकं टेबलावर कुणाला ठाऊक असणार!

पीडितांच्या जागेसाठी मी अर्ज केला. रिकाम्या जागा राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट ह्या कार्यालयाच्या वेबसाइटवर लागतात, तिथेच ऑनलाइन फॉर्म भरायचा, रेझ्युमे आणि पत्र जोडायचं, नेमणूक गव्हर्नर करतात. फॉर्म सोपा आहे, वेळ खाल्ला त्या पत्राने. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी सगळा रागच ओतला होता, मग संस्थेतल्या सीनियर बाई म्हणाल्या, अगं त्यांना तू तक्ता वाचतेस हे दिसू दे. मग गळा दाबण्याने मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो, बाहेरून खूण दिसली नाही तरी जीव जाऊ शकतो, आणि पातळी ठरवताना हा धोका धरायला हवा, एवढंच नीट मांडलं.

निवड माझी झाली नाही. पण तोवर मी कमिशनच्या मीटिंगांना जायला लागले होते, त्या सगळ्यांसाठी खुल्या असतात, आणि बदल करायच्या आधी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, तिथे कुणीही बोलू शकतं किंवा लेखी देऊ शकतं. मी दोन्ही केलं. समोर जज बसलेत म्हणून घसा कोरडा पडला होता, पण एका पोलीस अधिकाऱ्याने नंतर थांबून माझ्याकडून कागदाची कॉपी मागून घेतली. बदल १५ जानेवारीपर्यंत विधिमंडळाकडे जातात आणि त्यांनी कायदा करून अडवले नाहीत तर १ ऑगस्टपासून लागू होतात, त्यामुळे काही म्हणायचं असेल तर ते आधीच्या महिन्यांतच म्हणायला हवं. इथल्या मराठी लोकांपैकी कुणाला अर्ज करायचा असेल तर माझं पत्र मी द्यायला तयार आहे, आणि पुढची जागा निघाली की मीही परत भरणार आहे.